फांगला शहर दाखवलं ते तीन दिवस

लामाय नऊ वर्षं बँकॉकमध्ये राहत होती, पण बँकॉक तिनं पाहिलं नव्हतं. लुंबिनी बागेत ती माळीकाम करायची. उजाडता उजाडता पाला झाडायचा, मग पाइप ओढत हिरवळीला पाणी, दुपारी तळ्याकाठची खुरपणी. सुट्टीला धुणं आणि झोप. बाग, भाड्याची खोली आणि मधला पूल, एवढंच तिचं शहर. म्हणून लेक येणार असं ठरल्यावर, तिला कुठं कुठं न्यायचं हे विचारायला ती सांगवान मावशींकडे गेली. सांगवान मावशी बागेत तिच्याच जोडीला होत्या, साठीला टेकलेल्या आणि जन्मापासून याच शहरात वाढलेल्या.

"पहिल्या दिवशी आपली बाग," मावशी म्हणाल्या. "हंसाच्या होडीत बसव. होडीवाला माझा भाचा लागतो, सांगून ठेवते. दुसऱ्या दिवशी सोन्याच्या डोंगरावरचं देऊळ. तिसऱ्या दिवशी शनिवार येतो, तेव्हा चातुचाकचा बाजार. तो बाजार पाहिला की पोरं गाव विसरतात बघ."

"विसरेल म्हणता?"

"मी विसरले असते. पण तू तिला सांगणार कधी?"

"शेवटच्या दिवशी. आधी शहर आवडू दे तिला."

सांगायचं होतं ते एवढंच, की तीन दिवसांनी परत जायचं नाही, इथंच राहायचं. त्यामागचं कारण असं. फांग दीड वर्षाची असताना तिचा बाप घर सोडून गेला तो गेलाच. लामायनं पोर आपल्या आईच्या, बुन्मीच्या पदरात टाकली आणि पोट भरायला शहर गाठलं. ईशान्येकडच्या रोई-एतपासून आत, भातशेतीच्या त्या गावात असं घरोघरी चालतं. आईबाप शहरात, पोरं आजीकडे. वर्षातून दोनदा लामाय गावी जायची. आजीला तिकडे 'मोठी आई' म्हणतात, तशी फांगही म्हणायची. महिन्याभरापूर्वी त्या मोठ्या आईचा फोन आला होता.

"माझ्या पोटात गाठ आहे," बुन्मी म्हणाली. भाताला पाणी सोडलं असं सांगावं, तशा आवाजात. "डॉक्टर म्हणतो, फार दिवस नाहीत. तू पोरीला घेऊन जा."

"मीच येते तिकडे, आई."

"येऊन काय करशील? इथं तुझी वहिनी आहे माझं बघायला. पोर मात्र माझ्या अंथरुणाला चिकटून बसेल, शाळा सोडेल. मी झिजताना तिनं बघायचं नाही. आणि तिला यातलं काही कळता कामा नये. शपथ आहे तुला."

लामायनं शपथ घेतली. मग खिडकी असलेली खोली पाहिली, देवळाच्या शाळेत नाव घातलं, गणवेश अंदाजानं एक माप मोठा घेतला आणि कपाटात वरच्या फळीवर लपवून ठेवला.

गुरुवारी सकाळी मोचितच्या बस स्थानकावर फांग गावच्या एका बाईबरोबर उतरली. साडेदहा वर्षांची, काटकुळी, उन्हानं रापलेली. हातात चिकट भाताची बांबूची करंडी. ती पुढे आली, हात जोडून वाकली आणि म्हणाली, "तुम्ही बऱ्या आहात ना?"

शेजारणीला विचारावं तसं. लामायनं तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरीनं हात झटकला नाही, पण अंग लाकडासारखं ताठ केलं.

बागेत मात्र ती जरा सैल झाली. तळ्यातून माणसाएवढी लांब घोरपड सरपटत वर आली, तशी परदेशी मंडळी किंचाळत मागे सरली. फांग हसली.

"आमच्याकडे असती तर मोठ्या आईनं रस्सा केला असता."

"हळू बोल. इथं त्यांना कुणी हात लावत नाही."

"एवढी मोठी? दोन दिवस पुरली असती."

दोघी हंसाच्या होडीत बसल्या, पायांनी पेडल मारत तळ्याच्या मध्यापर्यंत गेल्या. फांग गावच्या बोलीत बोलत होती आणि लामायच्या तोंडून उत्तरं शहरी बोलीत निघत होती, नऊ वर्षांच्या सवयीनं. ते ध्यानात आल्यावर तिनं बोली बदलली, तर तीच तिला अवघडल्यासारखी वाटली. आपण लावलेली जास्वंद तिनं पोरीला दाखवली.

"हे सगळं तुम्ही केलं?" फांगनं विचारलं.

"मी आणि सांगवान मावशींनी."

"छान आहे," पोर म्हणाली. पाहुणे म्हणतात तसं.

दुसऱ्या दिवशी सोन्याचा डोंगर. तीनशेच्या वर पायऱ्या, गोल गोल वर जाणाऱ्या. वाटेत ओळीनं घंटा टांगलेल्या. फांगनं एकही घंटा सोडली नाही. प्रत्येक वेळी डोळे मिटून काही पुटपुटायची आणि मग दांडका मारायची.

"एवढं काय मागतेस?"

"मोठ्या आईचं पोट. हल्ली दुखतं तिचं. मिरच्या फार खाते ती, मी सांगते तरी ऐकत नाही. तुम्ही सांगा ना फोनवर. तुमचं ऐकेल."

चपलेचा पट्टा सरळ करायच्या निमित्तानं लामाय खाली वाकली आणि बराच वेळ वाकूनच राहिली. मागून येणारा एक म्हातारा म्हणाला, "चक्कर आली का ताई? पाणी देऊ?" तिनं मान हलवली.

माथ्यावर वारा होता. खाली देवळांची लाल-हिरवी छपरं, पलीकडे काचेचे मनोरे, नदी. फांगनं त्यातलं काही पाहिलं नाही. कठड्याभोवती एक फेरी मारून तिनं विचारलं, "आपलं गाव कुठल्या बाजूला?"

लामायनं ईशान्येकडे बोट दाखवलं. तिकडे धुरकट आभाळाशिवाय काही नव्हतं. पोर तिकडे तोंड करून उभी राहिली ती खाली उतरायची वेळ होईपर्यंत.

तिसऱ्या दिवशी चातुचाक. अरुंद गल्ल्या, डोक्यावर पत्रा, कपडे, कुंड्या, पिल्लं, नारळाचं आइस्क्रीम आणि मुंगीला वाट मिळणार नाही एवढी गर्दी. लामायनं पोरीचं मनगट घट्ट धरलं होतं. एका दुकानात ती शाळेसाठी मोजे बघायला थांबली, तेवढ्यापुरता हात सुटला. वळून बघते तो फांग नाही.

ती आधी हाका मारत फिरली. मग धावत. कपड्यांच्या गल्लीतून भांड्यांच्या, भांड्यांच्या गल्लीतून रोपांच्या. कुणी म्हणालं, तिकडे एक मुलगी गेली; कुणी म्हणालं, मुली तर शेकड्यानं आहेत, बाई. आईला काय सांगू, एवढंच तिच्या डोक्यात घणघणत होतं.

आणि मग कर्ण्यातून आवाज आला. "लक्ष द्या. रोई-एतहून आलेली फांग नावाची मुलगी घड्याळाच्या मनोऱ्यापाशी आहे. तिच्या आईनं, बुन्मी यांनी, ताबडतोब यावं. आईचं नाव बुन्मी."

लामाय जागच्या जागी थांबली. लोक तिला धक्के देत पुढे जात होते. कर्ण्यानं तेच पुन्हा एकदा सांगितलं.

मनोऱ्यापाशी चौकीत फांग बाकावर बसली होती, मांडीवर खाऊच्या पैशांतून घेतलेलं, जांभळ्या काठाचं नेसायचं कापड. चौकीदार पोट सुटलेला, भला माणूस होता. लामायला पाहून म्हणाला, "तुम्ही बुन्मी?"

"नाही. मी लामाय. मी हिची आई."

"पोरीनं तर बुन्मी सांगितलं. हल्ली कुणाच्याही हाती मूल देता येत नाही, ताई. राग मानू नका." तो फांगकडे वळला. "बाळ, ह्या कोण तुझ्या?"

फांगनं तिच्याकडे पाहिलं आणि खरं तेच सांगितलं. "ह्या लामाय. ह्यांनी मला जन्म दिला."

चौकीदारानं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. त्याला काय समजायचं ते समजलं असावं. ओळखपत्र न मागताच तो म्हणाला, "न्या, न्या. हात सोडू नका पुन्हा."

बाजाराला लागूनच बाग होती. दोघी झाडाखाली बसल्या. फांगनं कापड उलगडून दाखवलं. ते दिसलं म्हणूनच ती हात सोडून गेली होती. मोठ्या आईकडे असंच एक होतं, ते विरलं होतं. "उद्या गेल्यावर देईन," ती म्हणाली.

आता टाळण्यात अर्थ नव्हता.

"फांग, उद्या जायचं नाहीये. तू आता माझ्याजवळ राहायचंस. इथं शाळेत नाव घातलंय तुझं."

पोर कापडाची घडी घालायला लागली, ती नीट बसेना म्हणून पुन्हा उलगडली.

"मोठ्या आईला माहीत आहे?"

"हो."

"तिनं सांगितलं असं? मला नको म्हणाली ती?"

बरोबर सहा वाजले होते. बागेतल्या कर्ण्यातून राष्ट्रगीत सुरू झालं. धावणारे थांबले, सायकलवाले उतरले, गवतावर बसलेले उठले. फांगही उठली आणि शाळेत शिकवल्याप्रमाणे ताठ उभी राहिली. डोळे मात्र लामायच्या तोंडावर खिळलेले. तेवढाच काय तो वेळ लामायला मिळाला. हो म्हणावं, तर जिनं वाढवलं तिनंच टाकलं असं पोर जन्मभर धरून बसणार. का टाकलं ते सांगावं, तर शपथ मोडणार. गीत संपलं, माणसं पुन्हा चालायला लागली.

"नाही," लामाय म्हणाली. "ती नकोच म्हणत होती. रडली. पाठवणार नाही म्हणाली. मीच हट्ट धरला. लेक माझी आहे, मला हवी, असं म्हणाले मी."

"पण का?"

"मला एकटीला करमत नाही, म्हणून."

फांगचा चेहरा आक्रसला. "तू वाईट आहेस," ती म्हणाली. "तू फार वाईट आहेस."

तीन दिवसांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून 'तू' आलं होतं. लामायनं मान डोलावली. पोर रडली तेव्हा मात्र लामायच्याच कुशीत रडली, कारण तिथं दुसरं कुणी नव्हतं.

शाळा सुरू झाली. फांग वेळेवर उठायची, डबा धुवून ठेवायची, विचारलं तेवढंच बोलायची. रविवारी मोठ्या आईला फोन. बुन्मी फोनवर हसायची, भात कसा आलाय ते सांगायची. आवाज दर आठवड्याला बारीक होत गेला. फांग म्हणायची, "रेंज नाहीये तिकडे." ते जांभळ्या काठाचं कापड लामायनं टपालानं पाठवलं. वहिनीनं कळवलं की म्हातारी तेच नेसून बसते.

जुलैच्या अखेरीस वहिनीचा फोन आला. मायलेकी गावी पोहोचल्या तेव्हा अंगणात मांडव घातला होता आणि भिक्षू सूत्रं म्हणत होते. फांग शवपेटीपाशी गेली ती उठेचना. दुसऱ्या दिवशी चितेवर कागदी फुलं ठेवताना तिनं सगळ्यांदेखत लामायला म्हटलं, "मी इथं असते तर मी तिला औषध दिलं असतं. तू मला नेलंस."

शेजारची म्हातारी कमपेंग हे ऐकून पुढे सरसावली. "अगं पोरी, तुझ्या मोठ्या आईनंच—"

"काकू," लामायनं तिचा दंड धरला, "पाया पडते, गप्प राहा."

"सगळ्या गावाला ठाऊक आहे की. तू कशाला उगाच तिच्या शिव्या खातेस?"

"दहा वर्षांची आहे ती. तिला एक आई तरी चांगली असू दे."

कमपेंगनं तोंडात पान होतं ते गालात सरकवलं आणि डोळे पुसत बाजूला झाली.

परतीची बस सकाळची होती. अर्धी रिकामीच. लामाय खिडकीची जागा पोरीसाठी सोडून अलीकडे बसली. फांग चढली, तिच्याकडे न बघता पुढे गेली आणि तीन रांगा सोडून एकटी बसली. बस भाताच्या खाचरांमधून निघाली. भात हिरवागार झाला होता, लोक वाकून तण काढत होते. लामायला फक्त पोरीच्या डोक्याचा मागचा भाग दिसत होता, आणि वेणी सुटली होती. दोनदा ती उठायला गेली, दोनदा बसली. तिसऱ्यांदा ती उठली, दांडा धरत पुढे गेली आणि तिच्या मागच्या सीटवर बसून, काही न विचारता, वेणी घालायला लागली. फांगनं मागे वळून पाहिलं नाही. डोकंही हलवलं नाही.