हौदातले मळ्ये

मासे वाचवता वाचवता मारायचे कसे, हे मी मोलगीला सासरी आल्यावर शिकले.

मासेवाली दिवलीबाई ओढ्यातल्या जिवंत मळ्यांचं मडकं घेऊन बाजाराला निघालेली दिसली आणि आमच्या सासूबाईंचा, सोहनबाईंचा, जीव तुटला. अख्खं मडकं विकत घेऊन त्यांनी अंगणातल्या हौदात ओतलं. "सुटले बिचारे!" वर रोज कणकेच्या गोळ्या.

"मम्मीजी, अहो, हा वाहत्या पाण्यातला मासा आहे," मी म्हटलं. "तोंड बघा त्याचं, खालच्या बाजूला. दगडाला चिकटून शेवाळ खरवडून खातो. कणकेने पाणी नासतंय."

"इथे काय कमी आहे त्यांना? खायला आहे, सावली आहे, कुणी पकडत नाही."

मी शाळेत शिकवायला जाते म्हटलं, तेव्हाही हेच ऐकवलं होतं. काय कमी आहे तुला? नवरा अंकित सुरतेला कापडाच्या धंद्यात, सासरे भीकमचंद दुकानात, आणि मी घरात पापड लाटायला! माझी प्राणिशास्त्रातली पदवी लग्नात सगळ्यांना कौतुकाने सांगितली, मग गेली कपाटात. असा संताप यायचा की काय सांगू.

मळ्ये मरत होते. नळ गळून हौदाच्या भिंतीवर ओल यायची, तिला धरून काही वर चढायचे. अंडी घालायला ते असेच धारेविरुद्ध वर जातात, खडीच्या उथळ पाण्यात. पिल्लंही तिथेच वाढतात. इथे वर फक्त कोरडी फरशी. सासूबाई एकेकाला नवकार मंत्र म्हणत मातीत पुरायच्या आणि रडायच्या. अगदी खरं रडायच्या.

शेवटी एकच उरला. मी त्याला पाण्याच्या डब्यात घेतलं आणि चप्पल चढवली.

"कुठे निघालीस, एकता?"

"ओढ्यावर. अडवू नका मला, सांगून ठेवते!"

तरातरा गल्ली ओलांडली, तर मागे पावलं वाजली. पदर सावरत सासूबाई येत होत्या, धापा टाकत. भांडायच्या तयारीनेच मी थांबले.

"लांब आहे का गं ओढा? मी पाहिला नाही कधी."

ओढा गल्लीच्या टोकाला होता. आणि यांचं सगळं आयुष्य या गावात गेलेलं. मी त्यांच्या चालीने चालू लागले.

डबा पाण्यात आडवा केला. मळ्या क्षणभर तसाच पडून राहिला, मग सळकन धारेत शिरून दगडाला चिकटला. सासूबाईंनी पाण्यात हात घातला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

"एकता," त्या हळूच म्हणाल्या, "मी इथे आले होते ते पप्पाजींना सांगू नकोस हं."