थंडीत जमलेला मध

मित्रांनो, मी मधाची एक जुनी बाटली आहे. पांढुर्ण्यात कुसुमताईंच्या स्वयंपाकघरात, फळीवर असते. हल्ली माझ्यात मोहरी भरलेली असते.

जन्म. भट्टीत झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं आयुष्य सुरू झालं शकुबाईंच्या किराणा दुकानात. नवरा गेल्यावर त्या एकट्या दुकान चालवत. लोधीखेड्याकडच्या एका बगीच्यातून मध आणून माझ्यासारख्या बाटल्यांत भरत. ‘शकुबाईनं दिलं म्हणजे चोख,’ असं गल्लीत म्हणत. त्या शब्दावरच त्यांची चूल पेटत होती.

काम. कुसुमताईंनी मला सासऱ्यांच्या खोकल्यासाठी नेलं. सासरे रामाजी, सारी हयात संत्र्याच्या बगीच्यात गेलेली. पौषात थंडी पडली आणि माझ्यातला मध तळापासून पांढरा, दाणेदार झाला.

“साखर हाय हे,” रामाजी म्हणाले.

मग तपासणी. एक थेंब पाण्यात सोडला; तो सरळ तळाशी गेला. म्हणजे असली. आगकाडी मधात बुडवून ओढली, पेटली नाही. म्हणजे नकली. शेवटी मध लावलेली पोळी कुत्र्यापुढे टाकली, कारण असली मधाला कुत्रं तोंड लावत नाही म्हणतात. कुत्र्यानं पोळी खाल्ली आणि दुसरीसाठी शेपटी हलवली.

“मामाजी, ते कुत्रं तं चप्पलबी सोडत नाही,” कुसुमताई म्हणाल्या.

“कुत्रं खोटं बोलत नाही.”

कौतुक. ते इथे यायला हवं होतं. त्याऐवजी बाजाराचा दिवस आला. दुकानात गर्दी असताना रामाजींनी मला शकुबाईंपुढे ठेवलं.

“काय वो शकुबाई, मधाच्या नावानं साखर विकून राहिली का?”

“भाऊजी, थंडीनं जमते मध. कोमट पाण्यात ठेवा, पातळ होऊन जाईन.”

“साखरच पाह्यजे होती तं रेशनवर घेतली असती,” मागून कोणी तरी म्हणालं. लोक हसले. शकुबाईंचं बोलणं त्या हसण्यात बुडालं. मला सगळं ठाऊक होतं, पण बाटलीला बोलता येत नाही.

उपेक्षा. माझी नाही, त्यांची. गिऱ्हाइकं दुसऱ्या दुकानात जाऊ लागली. मी रामाजींबरोबर घरी परत आले आणि अंगणातल्या भिंतीवर पडून राहिले.

फाल्गुनात ऊन तापलं आणि मध आपोआप विरघळला. कुसुमताईंनी झाकण उघडलं, वास घेतला आणि मला सासऱ्यांकडे नेलं. रामाजींनी मध बोटावर घेतला, नाकाशी नेला. संत्र्याच्या फुलांचा वास. जन्मभर ज्या फुलांखाली राबले, त्यांचा मध त्यांना ओळखता आला नव्हता. मग ते मला घेऊन दुपारी दुकानात गेले. फळ्या जवळजवळ रिकाम्या होत्या.

“शकुबाई, मध चोख होता.”

“मले माहीत होतं, भाऊजी.”

“आणखी एक बाटली दे.”

“मध नाही ठेवत मी आता. दुकानबी बंद करून राहिली. पोरीकडे चालली, तिगावले.”

“मी सांगतो ना लोकायले.”

शकुबाईंनी रिकाम्या दुकानाकडे पाहिलं. “त्या दिवशी लोकं होते, भाऊजी. आज तुम्ही एकटेच आले.”

मित्रांनो, विकतचा मध जरूर तपासा. पण शंका आली तर आधी विकणाऱ्याला एकट्यात विचारा आणि त्याचं उत्तर पुरतं ऐका. आणि तुमचंच चुकलं, तर माफी मागायला गर्दी असतानाच जा.