खणात राहिलेलं परिपत्रक

“काही आलंय का, भाऊसाहेब?”

रोज साडेदहाला कॉलेजच्या कचेरीत हा प्रश्न यायचा, आणि हेडक्लार्क सूर्यभान मान वर न करता म्हणायचे, “न्हाई.”

विचारणारी कृपा. प्रयोगशाळेतला शिपाई यशया, त्याची लेक. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी.ला पहिली आलेली. बहात्तरच्या त्या दुष्काळात नगरच्या अंगाला बाजरी कणीस बाहेर पडण्याआधी पोटरीतच करपली होती. कमी पाण्यावर तगेल असं वाण शोधायच्या कामात आपल्याला जागा मिळावी, एवढंच पोरीचं मागणं. सरकारी संशोधनाच्या जागांची परिपत्रकं कॉलेजात येत. ती फळ्यावर लावणं सूर्यभानांचं काम.

एक दिवस ते साऱ्या कचेरीला ऐकू जाईल असं बोलले, “संशोधन म्हणे! बापानं जन्मभर नळ्या धुतल्या, लेक त्यात बाजरी उगवणार! जा बाई, खडी फोडायला जा. सरकारीच काम हाय ते!”

कचेरी खदखदून हसली. दारात फडकं घेऊन उभा असलेला यशयासुद्धा कसनुसा हसला. बापाचं ते हसू कृपानं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून ती खरंच श्रीगोंद्याच्या रस्त्याला दुष्काळी कामावर जाऊ लागली.

महिन्याभरानं, कचेरीत नेहमी येणं-जाणं असलेले कीर्तनकार कानिफनाथबुवा डोकावले. सूर्यभान त्यांचे टाळकरी. अभंग रंगला की डोळ्यांतून धारा लागायच्या, असा भाविक माणूस! सप्ताहासाठी घेतलेल्या बुक्क्याची पुडी वाटेत फाटली होती.

“एखादा कागद दे रे.”

सूर्यभानांनी खण उघडला आणि हाताला लागला त्या कागदात बुक्का बांधायला घेतला.

“थांब!” बुवांनी कागद ओढून घेतला. ‘कोरडवाहू पिकांचे संशोधन केंद्र. संशोधन सहायक, सहा जागा. वनस्पतिशास्त्राचे पदवीधर...’ अर्जाची मुदत आठ दिवसांपूर्वी संपलेली.

“हे फळ्यावर का नाही लागलं? यशयाची पोर रोज विचारत होती ना?”

“बुवा, शिपायाची पोर ती. तिला तिथं कोन घेनार?”

“घ्यायचं की नाही ते तिथले बघतील. मधे बसणारा तू रे कोण?” बुवांचा आवाज चढला. “परवा कीर्तनात भूतदयेवर ढसाढसा रडलास, ते पाणी कुठून आणलंस? उद्या चार गावं जगवणारं वाण तिच्या हातून निघायचं असेल, तर ते तू या खणात कोंडलंस! या कागदात बांधून मी देवाचा बुक्का नेणार नाही. आणि तूही उद्या टाळ घेऊन येऊ नकोस.”

बुक्का उपरण्यात झटकून, कागद टेबलावर टाकून बुवा निघून गेले.

सूर्यभानांनी तो कागद खिशात घातला आणि सायकल काढली. रणरणत्या उन्हात कृपा खडी फोडत बसली होती. हातोड्याखाली सापडलेल्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली. तिनं कागद दोनदा वाचला.

“आवक शिक्क्यावर सहा तारीख आहे, भाऊसाहेब. सहा तारखेला मी तुमच्यासमोर उभी होते.”

“चुकलो पोरी! पुढच्या खेपेला मी सोता...”

“पुढच्या खेपेला दुसऱ्या कुणाची मुलगी विचारायला येईल. तिच्या बापाला हसायला लावू नका.”

एवढं बोलून तिनं पुन्हा हातोडा उचलला.

दुसऱ्या दिवशी फळ्याच्या काचेमागे तो बुक्क्यानं माखलेला कागद लागला. खाली सूर्यभानांचं अक्षर: ‘हे परिपत्रक मी महिनाभर खणात ठेवलं. त्यामुळे कृपा यशया हिची संधी गेली.’ आता कचेरी त्यांना हसली! यशया मात्र हसला नाही. तो फडकं घेऊन आला आणि सगळ्यांना नीट वाचता यावं म्हणून काच स्वच्छ पुसून गेला.

बंधुभगिनींनो, कृपाची ती जागा पुन्हा आली नाही. सूर्यभान पुढे प्रत्येक जाहिरात आल्या दिवशी फळ्यावर लावत, दुष्काळी कामावर जाऊन मोठ्यानं वाचून दाखवत. पण गेलेली तारीख काही परतली नाही. ज्ञानाची वाट सरकारनं खुली केली, तरी ती आपल्यासारख्या कचेरीत बसणाऱ्यांच्या टेबलावरून जाते. तिथं बसून कुणाची लायकी ठरवण्याचा अधिकार देवानं आपल्याला दिलेला नाही. टाळ हाती घेण्याआधी आपापला खण एकदा उघडून पाहा!