पाणी आणणारी

आमच्या अथेन्समध्ये बाई बिनलग्नाची मेली की तिच्या थडग्यावर लग्नाचा घडा ठेवतात. उंच मानेचा, नवरीच्या न्हाणाचं पाणी आणतात तो. जितेपणी नवरा मिळाला नाही, निदान घडा तरी मिळावा. बैल गेला नि झोपा केला, दुसरं काय? यंदा मला खोकल्यानं धरलं, तसा माझा भाऊ युथिक्लेस मला न विचारताच घडा सांगून आला.

कुंभारवाडा आमच्या घरामागेच. मी काठी टेकत गेले. फानियास कुंभार माझ्या घड्यावर चित्र काढत बसला होता. मधोमध नवरी, मान खाली, अंगभर दागिने. तिच्यामागे एक बाई, हातात असलाच घडा.

"ही कोण रे?" मी नवरीकडे बोट दाखवलं.

"तुम्हीच की, मावशी."

"मी? माझ्या तोंडात दात किती उरलेत ते बघ आधी."

तो हसला. "या घड्यावर नवरीच काढतात. येणारेजाणारे बघतील, म्हणतील, कुणाची तरी पोर लग्नाआधी गेली."

तेच मला नको होतं. भावाच्या तिन्ही मुलींची लग्नं झाली, झऱ्यावरून न्हाणाचं पाणी दर वेळी मीच आणलं. थडग्यापुढे कुणी थांबलंच, तर त्यानं मला बघावं, या परक्या पोरीला नव्हे. एरवी माझी आठवण तरी कोण काढणार होतं?

"माझं नाव हिच्यावर लिही." मी मागच्या बाईकडे बोट केलं.

फानियासनं तिच्या डोक्यावर तांबड्या रंगात लिहिलं, क्लेआरिस्ता. मला वाचता येत नाही, त्यानंच एकेक अक्षर म्हणून दाखवलं. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

भट्टी लावायच्या आधी युथिक्लेस घडा बघायला निघाला. मीही मागोमाग गेले.

"हे काय रे? नाव चुकीच्या बाईवर घातलंस," तो फानियासला म्हणाला. "ही तर दासी आहे."

"दासी कशावरून?" मी विचारलं.

"अगं ताई, पाणी घेऊन उभी आहे. दुसरी कोण असणार?"

सहज बोलला. त्याच्या मनात काही नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

फानियास माझ्याकडे बघत राहिला.

"पूस ते," मी म्हटलं. "आणि नवरीवरही लिहू नकोस. कुणावरच नको."

त्यानं ओल्या बोटानं नाव पुसलं. घरी आल्यावर युथिक्लेस बाकावर टेकला.

"ताई, तहान लागलीय गं."

मी आत गेले आणि पाणी आणलं.