बाजूच्या भिंतीवरचा फ्रेंच तक्ता

मित्रांनो, मी फ्रेंचच्या वर्गातला एक जुना तक्ता आहे. आधीच सांगून ठेवतो, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. बसणार तरी कसा? माझ्या अंगावर फ्रेंचमधली अनियमित विशेषणं लिहिलेली आहेत. इतर विशेषणं शहाण्यासारखी वागतात. स्त्रीलिंगी नाम आलं की शेवटी एक अक्षर जोडून घेतात. माझी मात्र नाम बदललं की रूपच पालटतात. कागद पांढरा असेल तर ‘ब्लां’, पण सदरा तिकडे स्त्रीलिंगी, म्हणून तो ‘ब्लांश’. पुस्तक जुनं झालं की ‘व्ह्यो’, घर जुनं झालं की ‘व्हिएय’. अशांना जन्मभर अंगावर वागवल्यावर स्वभाव संशयी होणारच.

सरांनी तरुणपणी मला स्वतःच्या हाताने रंगवलं. तेव्हा येणारा-जाणारा अक्षराची वाहवा करायचा. आता माझे कोपरे मुडपलेत, रंग उडालाय, कोणी धूळही झटकत नाही. जो तो माझ्याकडे बघतो तो उत्तर चोरायलाच, असं मला वाटतं. परीक्षेच्या दिवशी मला भिंतीकडे तोंड करून टांगायची इथली पद्धत आहे, ती काय उगाच?

सगळ्यात जास्त संशय मला बेकरी सांभाळून फ्रेंच शिकायला येणाऱ्या, शेवटच्या बाकावरच्या ताईचा होता. सर शिकवत असताना तिची नजर सारखी माझ्यावर. मग एक दिवस मी सरांनाच चोरून माझ्याकडे बघताना पकडलं. ज्यांनी मला लिहिलं, त्यांनाच शब्द आठवेनासे झाले होते. मला फार वाईट वाटलं.

संस्था चालवणाऱ्या मोठ्या बाईंना याची कुणकुण लागली. त्या वर्गात येऊन बसणार आणि सर अडखळले तर वर्ग काढून घेणार, असं ठरलं. वर्गाशिवाय सरांना दुसरं काहीच नव्हतं. बाई आलेल्या पाहून शिपायाला परीक्षाच वाटली आणि त्याने मला भिंतीकडे फिरवलं.

आता मला फक्त ऐकू येत होतं. ‘सुंदर बाग’ला सर ‘बो’ म्हणाले. ‘सुंदर घर’ला मात्र थांबले ते थांबलेच. आता सगळे हसणार, याची मला खात्रीच होती.

तेवढ्यात ताई म्हणाली, “सर, आज आम्ही म्हणतो. तुम्ही फक्त ऐका.”

‘बेल’पासून पुढचं सगळं वर्गाने माझ्याशिवाय म्हणून दाखवलं. सर वर्गाची तयारी दाखवायलाच थांबले, असं समजून बाई समाधानाने गेल्या.

सरांनी मला सरळ केलं. “तुला कधीपासून ठाऊक होतं?” त्यांनी ताईला विचारलं.

“बरेच दिवस झाले, सर. तुम्ही अडलात तर पटकन सांगता यावं, म्हणून मी तक्त्यावर डोळा ठेवून असायची.”

मित्रांनो, माझी धूळ झटकली नाहीत तरी चालेल. पण तुम्हाला शिकवणारं माणूस कधी अडलं, तर हसू नका. त्याला पुढचा शब्द द्या.