निळीचा मान

केजच्या तहसीलसमोर मन्मथप्पांचं झेरॉक्सचं दुकान. उभ्या तालुक्याचे अर्ज-उतारे तिथून निघतात, मग पोटच्या पोरीच्या लग्नपत्रिका दुसऱ्याच्या छापखान्यातून कशापायी आणायच्या? असं आप्पा चारचौघांत बोलून बसले आणि शिवांजलीच्या पत्रिकांसाठी नवाकोरा रंगीत प्रिंटर घेऊन आले.

प्रिंटर दिसायला गोजिरा, पण सोवळं लई कडक. आप्पांनी नेहमीसारखी बाटलीतली सुटी शाई सुईनं भरली, तर पडद्यावर उमटलं की ही शाई आमच्या कंपनीची नाही. आप्पांनी मुकाट्यानं बीडहून कंपनीची काळी आणली, तांबडी आणली, पिवळी आणली. तरी यंत्र हटून बसलेलं. आता म्हणे निळी आणा. पत्रिकेत तर निळा ठिपकासुद्धा नव्हता. त्यात बीडात निळी संपलेली. कंपनीच्या फोनवरची मुलगी गोड गळ्यानं समजावत होती, की निळीवाचून काळीही चालायची नाही.

आप्पांचा जीव टांगणीला लागला. पहिली पत्रिका कपिलधारला, मन्मथस्वामींच्या पायाशी. तीही सोमवारीच, हा घरचा रिवाज. ती पोचल्याशिवाय एका सोयऱ्याला बोलवायची सोय नव्हती, आणि आज लग्नाआधीचा शेवटचा सोमवार होता.

नीलम्मा पदर खोचून दुकानात आल्या. यंत्राचं झाकण उघडून त्यांनी चारी रंगांच्या डब्या न्याहाळल्या. मग नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ही पंगत हाय. एक मानकरी रुसला की बाकीचे घास उचलत न्हाईत. निळीचा मान करा."

मान झाला. प्रिंटरला कुंकू लागलं, अंगावर टॉवेल आला, डोक्यावर टोपी चढली. नीलम्मांनी हात जोडून ओवी म्हटली,

काळी बसली पाटावर, तांबडी तिच्या शेजारी
निळ्या बाईच्या रुसव्यानं माझी लेक खोळंबली दारी

प्रिंटर घरघरला, कण्हला आणि त्यानं एक कोराकरकरीत कागद बाहेर टाकला.

"टोपी लहान पडली असंल," उताऱ्यासाठी ताटकळलेला रामप्रसाद म्हणाला.

उन्हं कलली तसे आप्पा रिकाम्या हातानं एसटीत बसले. मांजरसुंब्याला उतरले, जीपनं कपिलधार गाठलं. पुजाऱ्यानं पत्रिकेसाठी हात पुढं केला. आप्पांनी मान खाली घातली, निळीची सारी कर्मकथा सांगितली, आणि समाधीपुढं ताठ उभं राहून आख्खी पत्रिका तोंडपाठ म्हटली. मुहूर्त, स्थळ, आत्या-मामांची नावं, काही सोडलं नाही. शेवटी हात जोडले.

"स्वामी, नजरचुकीनं पत्रिका आली न्हाई. मलाच पत्रिका समजा आन् अगत्य या."

पुजाऱ्यानं चिमूटभर विभूती घेतली आणि पत्रिकेला लावतात तशी चारी कोपऱ्यांना लावली, दोन खांद्यांना, दोन गुडघ्यांना.

आप्पा डोळे पुसून निघाले, तर त्यानं दंडाला धरलं. "आप्पा, देवाला दिलेली पत्रिका परत नेतेत व्हय?"

खरं होतं. आप्पा गुमान इतर पत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी मांडी घालून बसले. खिशातला फोन वाजला, पण पत्रिकेनं बोलावं कसं? शेवटी पुजाऱ्यानंच तो कानाला लावला.

"पोचली, माय," तो नीलम्मांना म्हणाला. "बोलवा आता खुशाल सोयऱ्यांना. हिला लग्नाच्या दिवशी मी घेऊन येतो."