डोळे राहिलेला भाग

मी 'पाताळनगरीचे पाहुणे' या चित्रकथेचा चौथा भाग बोलतोय. पाचवा, म्हणजे शेवटचा भाग कधी छापलाच गेला नाही. त्यामुळे मला वाचणारा प्रत्येक जण माझ्या शेवटच्या पानावर अडकून राहतो.

माझा जन्म मुंबईतल्या एका लहानशा छापखान्यात झाला. छापताना निळा रंग जरासा सरकला, म्हणून माझ्यातल्या माणसांच्या कडेला निळसर सावली आहे. पाठीत दोन पिना मारून मला गठ्ठ्यात बांधलं, आणि मी रोह्याला कमळाकरच्या पुस्तकांच्या टपरीवर येऊन दोरीला लटकलो.

तिथून मला हरेशने नेलं. तो हमरापूरचा, तिशीतला, लग्न झालेला. बापाच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचा. सुट्टी मिळाली की गाडीत बसून रोह्याला यायचा, तो फक्त आमच्यासाठी. भुतं, राक्षस, दुसऱ्या ग्रहावरची माणसं, काही चालायचं.

"हरेशशेट, मिशा आल्या तरी चित्रांचीच पुस्तकं?" कमळाकर म्हणायचा.

"मिशावाल्यांनीच तुमची टपरी चालवलीय. पोरं नुसती चाळून जातात."

माझी गोष्ट तशी साधी. चार सोबती जमिनीखालच्या नगरीत उतरतात. वाटेत त्यांतल्या एकाला पाताळातले लोक पळवतात आणि त्याच्या जागी हुबेहूब दुसरा पाठवतात. चेहरा तोच, आवाज तोच. ओळखायची खूण एकच, डोळे; तेवढे पाताळातल्यांना हुबेहूब जमत नाहीत. माझ्या शेवटच्या चौकटीत मशाल पेटते, चौघं एकमेकांकडे वळतात, आणि खाली लिहिलंय, पुढील भागात पाहा.

हरेशची बायको अनिता आम्हांला त्याच्याआधी वाचून काढायची. दोघांची पैज लागली होती. ती म्हणायची, बदललेला गद्दार म्हणजे तो म्हातारा वैद्य. हरेश नुसता हसायचा.

पाचव्या भागासाठी तो रोह्याला पुन्हापुन्हा गेला. शेवटी कमळाकरने सांगून टाकलं, "छापखाना बंद झाला रे. घरोघरी केबल आली. आता कोण वाचतंय?"

त्या दिवशी हरेश कागद घेऊनच घरी आला. पाचवा भाग तो स्वतः काढणार होता.

तो मला समोर उघडा ठेवून काढत बसायचा. माझ्यातली माणसं त्याच्या हातून पुढे चालायला लागली. निळी सावलीसुद्धा त्याने सोडली नाही. पण कारखान्यातली सवय हातात मुरलेली. मूर्तीचं अंग, पितांबर, दागिने सगळं आधी होतं आणि डोळे अगदी शेवटी, एका बैठकीत, एकाच माणसाच्या हाताने. पानं भरत गेली, आणि चौघंही बिनडोळ्यांचे.

"गद्दार कोन, ते तरी सांगा," अनिता म्हणाली.

"आता सांगितलं तर बघनार काय तू? आधी गनपतीचे डोले होऊ देत. मंग यांचे."

त्या हंगामात त्याला कावीळ झाली. त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत पिवळेपणा आला तरी तो मूर्तींचे डोळे आखत राहिला. "गाड्या भरल्या की जातो डाक्टरकडं," म्हणायचा. मूर्तींच्या गाड्या भरल्या, गणपती आले, गेले. हरेशला अलिबागच्या दवाखान्यात नेलं. तिथून तो घरी आला नाही.

कार्य आटपल्यावर अनिता निडीला माहेरी गेली. घरात हरेशचा बाप, नाथा, एकटा राहिला. हरेशला डोळे आखायला त्यानेच शिकवलेलं. एके सकाळी त्याने कपाटातून ते कागद काढले. एकेक पान बघितलं आणि स्वतःशीच म्हणाला, "पोराचं काम आंधलं ऱ्हायला नको."

त्याने बारीक ब्रश ओला केला. मी बाजूलाच होतो. कारखान्यात डोळे आखताना आखणाऱ्याशी कुणी बोलत नाही. इथे बोलायला कुणी नव्हतंच. त्याने हात कागदावर टेकवला.

नाथाच्या हाताला एकच डोळे ठाऊक. लांबट, शांत, पापणी जराशी खाली, सगळ्यांवर माया करणारे. ते त्याने वैद्याला काढले, शिपायाला काढले, घाबरलेल्या मुलीला काढले, पाताळाच्या राजालाही काढले.

अनिता परत आली तेव्हा पानं देवाजवळ नीट रचून ठेवली होती. ती उंबऱ्यातच बसून वाचू लागली. शेवटच्या पानावर चौघं मशालीच्या उजेडात उभे, आणि चौघांचे डोळे गणपतीचे. तिने ते पान खिडकीशी धरलं. रंगाखाली पेन्सिलीची एखादी रेघ दिसते का, ते बघत होती. पण हरेश डोळ्यांना पेन्सिल लावतच नसे. नाथाही लावत नाही.

"जमलंय ना गो?" नाथाने विचारलं.

तिने पान खाली घेतलं. "जमलंय, बाबा."

"मंग गावला का तुमचा तो चोर?"

"व्हय. गावला."

नाथा समाधानाने ब्रश धुवायला गेला.

आता मी आणि ती पानं एकाच पिशवीत आहोत, माळ्यावर, जुन्या साच्यांमागे. माझ्या पिना गंजल्यात, कडा वाळवीने खाल्ल्यात. अनिता आम्हांला उघडत नाही. मीही तिची वाट बघत नाही. दाखवण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

तुमच्या हाती कधी आलोच, तर माझं शेवटचं पान उघडू नका. त्या अंधारात चौघं बरोबर चालत होते तिथवरच वाचा, आणि मला परत ठेवून द्या.